नव्या पंचांसाठी: ‘मला गाव माहीत आहे’ हे वाक्य तपासायचं कसं

निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात माणसाला एका वाक्याचा फार आधार वाटतो: मला माझं गाव माहीत आहे. मलाही वाटायचा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठावरच्या एका गावात मी पाच वर्षं पंच, म्हणजे ग्रामपंचायतीची सदस्य होते, त्यातली अडीच वर्षं सरपंच. माहेर त्याच गावातलं, सासरही त्याच गावातलं. प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी नात्यातलं. तरीही माझे जे निर्णय गावाला महाग पडले, त्यांतला एकही माहिती कमी पडली म्हणून चुकला नव्हता. जे माहीत आहे असं वाटत होतं ते मी तपासलंच नव्हतं, म्हणून चुकले.

पंचायतीत नव्याने आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. देवस्थान समिती, स्वयंसहाय्य गट, दूध संस्था, शाळेचा पालक-शिक्षक संघ, गावचं नाट्यमंडळ, यांपैकी कशाचीही जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल तरी याच पायऱ्या उपयोगी पडतील. एक वही घ्या आणि एक महिना द्या. दुसरा खर्च नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. खुर्चीत बसल्या दिवसापासून तुमच्यापर्यंत येणारी बातमी गाळून यायला लागते. ज्यांना तुमचं पटत नाही ते यायचे थांबतात, आणि जे येतात त्यांचं बहुधा काहीतरी काम असतं. गोव्यात सरपंच पंचांमधूनच निवडला जातो, त्यामुळे अविश्वास ठरावाची टांगती तलवार कायम डोक्यावर असते. सहकारी तोंडावर गोड बोलतात आणि खरं मत बाहेर चहाच्या गाड्यावर सांगतात. यात कोणी वाईट आहे असं नाही, व्यवस्थाच तशी आहे. म्हणून ‘काही असेल तर लोक मला सांगतील’ हेच पहिलं गृहीत समजा आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पहिली पायरी: एकच निर्णय घ्या

स्वतःचा स्वभाव बदलायला निघू नका, ते जमत नाही. येत्या महिन्याभरात घ्यायचा एक निर्णय निवडा. तो पैशांचा किंवा लोकांच्या वेळेचा असावा आणि त्याबद्दल तुमची आधीच खात्री झालेली असावी. शंका असते तिथे आपण आपसूक विचारपूस करतो. जिथे खात्री आहे तिथेच ही मेहनत करायची.

दुसरी पायरी: पाहिलं, ऐकलं, धरलं

पानावर तीन रकाने आखा. स्वतः डोळ्यांनी बघितलेलं ‘पाहिलं’खाली. कोणीतरी सांगितलेलं ‘ऐकलं’खाली, आणि सांगणारा कोण तेही लिहा. उरलेलं सगळं ‘धरलं’खाली. लिहिताना प्रामाणिक राहा, वही कोणाला दाखवायची नसते.

माझ्या पहिल्या वर्षी ग्रामसभेला बायका यायच्या पाच-सहा, त्यातल्या दोघी अंगणवाडीच्या. सहकारी पंच म्हणाले, बायकांना रस नसतो. मी मान हलवली. मी स्वतः बाई असून हलवली, कारण माझ्या मनात आणखी एक गृहीत बसलं होतं: मी आहे, म्हणजे त्यांचं म्हणणं माझ्यातर्फे पोचतंच. बायकांच्या सहभागासाठी एक व्याख्यान ठेवायचं, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

तीन रकाने आखले तेव्हा ‘पाहिलं’खाली एकच ओळ आली: पाच-सहा जणी आल्या. ‘ऐकलं’खाली ‘रस नसतो’, आणि तसं सांगणारे तिघेही पुरुष. बाकी सगळं ‘धरलं’मध्ये. ज्यावर व्याख्यानाचा खर्च होणार होता त्याच्या खाली पायाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वरच्या वाड्यावर एका मावशींकडे गेले आणि मागच्या ग्रामसभेच्या दिवशी सकाळी काय करत होता, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, “बाय, त्या वेळार उदक येता.”

नळाला पाणी एक दिवस आड यायचं, नऊ ते अकरा. ग्रामसभा रविवारी साडेदहाला. आमच्या घरी विहीर आहे. नळाची वेळ लक्षात ठेवायची मला कधी गरजच पडली नव्हती. त्या वाड्यावर माझी दोन नात्यातली घरं आहेत, तिथे मी शंभरदा गेले असेन, आणि तरीही हे मला ठाऊक नव्हतं.

पुढची सभा आम्ही दुपारी चारला ठेवली. बायका वीसच्या वर आल्या, पण एकही बोलली नाही. आल्या म्हणजे बोलतील, हेही मी धरूनच चालले होते. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, माईक त्यांच्याच हातात, आणि आमची नोटीस ‘इतिवृत्त कायम करणे’, ‘जमाखर्चास मान्यता’ अशा मराठीत. आपल्याकडे घरात कोंकणी, वाचायला मराठी. हे मराठी तर माझ्या सासूबाईंनाही परकं होतं, आणि त्या रोज मराठी पोथी वाचतात. मग सभेच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वाड्यावर अर्धा तास बसायचं, विषय बोलीत सांगायचे आणि तिथले प्रश्न लिहून आणायचे, असं सुरू केलं. तेव्हा कुठे आवाज फुटला. एक गृहीत काढलं की त्याखाली दुसरं सापडतं, त्याने खचू नका.

तिसरी पायरी: मी चुकत असेन तर काय दिसेल?

‘धरलं’ रकान्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या ओळीसमोर लिहा: हे खोटं असेल तर गावात मला काय दिसायला हवं? मग नेमकं तेच शोधायला निघा.

हे उलटं वाटतं, कारण मन याच्या विरुद्ध चालतं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २-४-६ हे तीन आकडे दिले आणि त्यांमागचा नियम ओळखायला सांगितलं. त्यांनी आपले तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढंच कळायचं. बहुतेकांनी मनात ‘दोन-दोनने वाढणारे’ असं ठरवलं, ८-१०-१२ किंवा २०-२२-२४ विचारलं, प्रत्येक वेळी ‘बसतात’ असं उत्तर मिळालं आणि खात्री पक्की झाली. खरा नियम होता, चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे. कोणी १-२-५० विचारलं असतं तर पहिल्याच फटक्यात आपली चूक कळली असती. आपल्याला ‘हो’ मिळेल असाच प्रश्न आपण विचारतो.

चार्ल्स डार्विनने यावर स्वतःपुरती एक सवय लावून घेतली होती. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब टिपून ठेवायचा, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. वहीच्या मागच्या बाजूने असं एक पान सुरू करा. माझ्या पाच वर्षांत सर्वांत जास्त कामाला आलं ते हेच पान.

राजकारणातल्या माणसाला सर्वांत जास्त फसवणारं गृहीत म्हणजे ‘मला मत दिलं, म्हणजे माझ्या सगळ्या म्हणण्याला दिलं’. आपल्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. विषय मराठी घरांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जपून लिहिते. १९६३ च्या डिसेंबरात गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीनीकरणाची भूमिका घेऊन लढलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विजय झाला म्हणजे विलीनीकरणाचा कौल मिळाला, असं मानणारे पुष्कळ होते. पण १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौलात तोच प्रश्न एकटा, बाकी कशाशीही न जोडता विचारला गेला. विलीनीकरणासाठी फूल, वेगळा केंद्रशासित संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं. दोन पानांना ३४,०२१ मतं जास्त पडली. आणि काही आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांचाच पक्ष पुन्हा निवडून दिला.

नेता हवा होता, त्याचा तो एक मुद्दा नको होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं होतं, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. तुमच्या प्रभागात तुम्हाला ज्या घरांनी मतं दिली, त्यांतल्या तीन घरांना तुमचा कोणता मुद्दा पटत नाही, हे तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर आजच विचारायला निघा.

चौथी पायरी: ‘ना’ काढून विचारा

आपल्या भाषेत वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावला की उत्तर प्रश्नातच येऊन बसतं. “रस्ता चांगला झाला ना?” “पाणी येतं ना आता?” सरपंच दारात उभा राहून असं विचारतो तेव्हा समोरचा ‘हो’ म्हणतो, चहा टाकतो आणि गप्प बसतो. पाहुण्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. म्हणून प्रश्न मतांविषयी विचारू नका, घडलेल्या गोष्टींविषयी विचारा. गेल्या वेळी काय झालं? शेवटचं कधी? मग कोणाकडे गेलात?

आमच्या गावची खाजन जमीन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन, काही वर्षं पडीक होती. पोरांना शेती नको, हे सगळ्यांचं ठाम मत. मीही घरोघरी तसंच विचारत होते, “आता शेतीला वेळ कोणाला आहे, ना?” सगळ्यांनी होकार दिला. मग तरुणांसाठी आम्ही शेतीचं शिबिर घेतलं. जेवण, बॅनर, पाहुण्यांचं मानधन. एकही वाफा लागवडीखाली आला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रश्न बदलला: तुम्ही शेवटचं पीक कोणत्या वर्षी काढलं, आणि त्या वर्षी काय झालं? पाच घरांनी जवळजवळ एकच हकीगत सांगितली. खाजनात भरतीचं खारं पाणी शिरू नये म्हणून बांधात मानस असते, लाकडी फळ्यांचं दार. भरतीच्या दाबाने ती मिटते, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी नदीत सोडते. मानशीवरची मासेमारी लिलावाने दिली जाते, आणि ज्याला मासे हवेत त्याला पाण्याची जा-ये जास्त हवी असते. फळ्या कुजलेल्या, दार नको त्या वेळी उघडं राहिलेलं. कोरगुट भात थोडा खारटपणा सोसतं, पण साचलेलं खारं पाणी नाही. एकदा असा खार बसला की तो धुऊन जायला पावसाळे जातात. लोकांनी शेती सोडली होती ती आळसाने सोडलेली नव्हती. आम्ही मात्र आळसावर इलाज केला होता.

त्या घरांतल्या एका आजोबांना मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “तू विचारलं नव्हतंस.” मला ते फार लागलं. अजून लागतं.

आणखी एक. तुमच्या गावात भाड्याने राहणारी, कानडी किंवा हिंदी बोलणारी कुटुंबं असतील. त्यांचं मतदान इथे नाही म्हणून त्यांना प्रश्न नाहीत, असं धरू नका. कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत जात नाही हे त्यांना तुमच्याआधी कळतं.

पाचवी पायरी: बैठकीत शेवटी बोला

सरपंच आधी बोलला की बैठक तिथेच संपते, पुढे फक्त अनुमोदन उरतं. विषय मांडा, आपलं मत राखून ठेवा आणि सर्वांत नव्या पंचापासून सुरुवात करा. मोठ्या, जुन्या माणसाचा मान त्याला शेवटी बोलायला देऊनही राखता येतो.

१९६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने क्युबावर झालेली स्वारी सपशेल फसली. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या भोवतीच्या माणसांपैकी काहींना मनातून शंका होत्या, पण बैठकीत त्या रेटून कोणी मांडल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचा पेच आला, तेव्हा सल्लागारांनी मोकळेपणी भांडावं म्हणून केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. सुरुवातीला हवाई हल्ल्याकडे कल होता, शेवटी नाकेबंदीचा मार्ग निघाला आणि युद्ध टळलं. पंचायतीचा विषय एवढा मोठा नसतो, पण बाहेर जाऊन बसायला तुम्हालाही कोणी अडवलेलं नाही. मी कचरा शेडच्या जागेच्या वेळी वीस मिनिटं बाहेर बसले. परत आत आले तेव्हा फळ्यावर तीन जागा लिहिलेल्या होत्या. मी असताना एकच होती, माझी.

आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या नेटकेपणाने सांगायचं, आणि मगच खंडन. बैठकीत विरोधकाचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा आणि त्याला विचारा, “असंच म्हणायचं आहे तुम्हाला?” तो ‘हो’ म्हणेपर्यंत उत्तर देऊ नका. हे मला सर्वांत कठीण गेलं.

आणि चिठ्ठ्या ठेवा. नाव न लिहिता प्रत्येकाने एकच ओळ: या ठरावात मला खटकणारी गोष्ट. गप्प राहणं म्हणजे संमती नसते.

सहावी पायरी: फसलं आहे असं समजून बसा

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली ही युक्ती पाच मिनिटांची आहे. ठराव पक्का होण्याआधी सगळ्यांना सांगा: पुढची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली आहे आणि आपलं हे काम पूर्ण फसलं आहे. का फसलं ते लिहा. “काही अडचण येईल का?” असं विचारलं तर शंका काढणारा अपशकुनी ठरतो. फसलंच आहे असं धरलं की कारण शोधणारा हुशार ठरतो. आमच्याकडे यातून निघालेलं एक कारण: कंत्राटदाराचे कामगार चवथीला घरी जातात आणि आठवडाभर परत येत नाहीत. नेमका तेव्हाच कचरा सर्वांत जास्त असतो.

सातवी पायरी: मागे घ्यायचं वाक्य तयार ठेवा

मत बदललं तर लोक कमकुवत समजतील, विरोधक धरून बसतील, ही भीती खरी आहे. विरोधक धरतातच. म्हणून वाक्य आधीच लिहून ठेवा आणि लहान ठेवा. मी ग्रामसभेत वाचलेलं वाक्य असं होतं: “गेल्या वर्षी मी म्हटलं होतं की तरुणांना शेती नको. ते मी न तपासता म्हटलं होतं. अडचण मानशीची आहे. शिबिरावर झालेला खर्च वाया गेला, आणि तो निर्णय माझा होता.” त्यात ‘पण’ घालू नका, सचिवावर ढकलू नका, ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणू नका. मागून दोघे-तिघे ओरडले. मग खाली बसलेल्या एका शेतकऱ्याने फळ्यांची मापं सांगायला सुरुवात केली आणि सभा त्या मापांवरच चालली.

आठवी पायरी: प्रत्येक गृहिताला तारीख घाला

आज खरं असलेलं उद्या खरं राहीलच असं नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या खाणपट्ट्यात हे आम्ही जवळून सोसलं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्चपासून परत बंद. दोन्ही वेळा घराघरांत एकच वाक्य होतं: दोन-तीन महिन्यांत सुरू होतील. त्या वाक्यावर ट्रकांचे हप्ते पुढे ढकलले गेले, मुलांचं शिक्षण ठरलं, पंचायतींची अंदाजपत्रकंही बसवली गेली. दोन-तीन महिने संपले तेव्हा ‘आता हे वाक्य परत तपासूया’ असं म्हणणारं गावात कोणी नव्हतं, आणि आम्ही पंचही ते म्हटलं नाही.

म्हणून वहीत प्रत्येक गृहितासमोर तारीख लिहा: अमुक दिवशी हे परत बघायचं. त्या दिवशी ते बघायची जबाबदारी अशा माणसाला द्या ज्याला ते गृहीत मान्य नाही.

हे कधी करू नये

झाड पडलं आहे, तारा रस्त्यावर आहेत, नाल्याचं पाणी घरात शिरलं आहे, अशा वेळी वही उघडू नका. आधी फोन, आधी दोरखंड. तपासणी नंतर, आठवड्याभरात.

विचारपूस चालू आहे असं सांगून नको असलेलं काम लांबवू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही. सुरुवातीलाच किती दिवस लागतील ते सांगा आणि त्या दिवशी निर्णय द्या, मनात थोडी शंका उरली असली तरी द्या.

आणि ज्या गोष्टी गृहीत नाहीत, मूल्यं आहेत, त्या या वहीत आणू नका. पंचायतीच्या नळावर कोणत्या वाड्याने पाणी भरायचं आणि कोणत्या नाही, हा प्रश्न माझ्यासमोर एकदा, फार सभ्य शब्दांत, ‘गावाचं मत घेऊया’ म्हणून आला होता. तिथे मी तीन रकाने आखले नाहीत. नळ सगळ्यांचा आहे, एवढं सांगितलं आणि पुढचा विषय घेतला.